बालगीतातील बोध आणि खेळ : एक पुनर्विचार

मराठी बालकवितेच्या समीक्षेत 'बोध की रंजन' हे द्वंद्व इतक्या वेळा मांडले गेले आहे की, ते मुळात योग्य आहे काय हा प्रश्नच मागे पडला आहे. शाळकरी वयाच्या मुलांसाठीच्या कवितेला हे द्वंद्व काही अंशी लागू पडते. दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी रचलेल्या बडबडगीताला मात्र ते लागू पडत नाही. कारण तेथे खेळ हेच शिक्षणाचे माध्यम असते.

दात घासावेत, हात धुवावेत, मोठ्यांचे ऐकावे अशा सूचनांना यमक जोडून सिद्ध होणारी गीते विपुल आहेत. ती शिकवतात हा त्यांचा दोष नव्हे. शिकवण्यासाठी गीताचा उपयोगच करीत नाहीत, हा खरा दोष होय. अशा रचनेतील सूचना काढून घेतली तर मागे काहीच उरत नाही. उलट, चांगल्या बडबडगीताचा आशय गद्यात सांगू गेल्यास हाती काही लागत नाही. कारण त्यातील शिकवण आशयात नसून रचनेत असते.

ही रचना कोणती? माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त ज्याला पद्मावर्तन म्हटले आहे, ते आठ मात्रांचे आवर्तन टाळीच्या ठेक्याशी सहज जुळते. त्याला पुनरुक्तीची, नादानुकारी शब्दांची आणि बोटांच्या खेळाची जोड मिळते. पाढ्यांची परंपरा याच तत्त्वावर उभी आहे. 'बे', 'दुणे', 'त्रिक', 'चोक' हे शब्द एरवी क्वचितच वापरले जातात. ते टिकले ते ठेक्यामुळे. अर्थ कळण्याआधी लय अंगी बाणते आणि मग त्या लयीच्या आधाराने अर्थ प्रवेश करतो, हा क्रम बडबडगीताने नेमका ओळखला आहे.

विंदा करंदीकरांच्या बालकवितेचे मोल या संदर्भात स्पष्ट होते. 'राणीची बाग' (१९६१) या संग्रहात प्राणी आहेत, पण ते सद्गुणांचे प्रतिनिधी म्हणून आलेले नाहीत. 'एटू लोकांचा देश'मध्ये तर रूढ व्यवहाराला बाजूला सारणारे एक विक्षिप्त जग उभे राहते. ही विसंगती निरर्थक नव्हे. उलटे काय झाले हे ओळखण्यासाठी सुलटे काय असते हे मुलाला ठाऊक असावे लागते. त्याचे हसू ही त्या जाणिवेची खूण असते. करंदीकरांच्या मागून आलेल्या अनेक रचनांनी विक्षिप्तपणा तेवढा उचलला. त्यामागील तर्कशिस्त त्यांच्या हाती लागली नाही.

बडबडगीताचा दुसरा, आणि समीक्षेने उपेक्षिलेला, विशेष म्हणजे ते एकट्याचे नसते. आजी ओळीच्या शेवटच्या शब्दापूर्वी थांबते आणि मूल तो शब्द पुरवते. या थांबण्यात गीताचे अर्धे शिक्षणमूल्य सामावले आहे. १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याची कल्पना पुढे मांडली. घर आणि शिक्षण यांतील अंतर मिटवण्याची हीच दृष्टी त्यामागे दिसते. ध्वनिमुद्रित वा पडद्यावरील गीत शब्द आणि चाल देऊ शकते. परंतु ते मुलासाठी थांबत नाही. म्हणून त्याला वर्ज्य मानण्याचे कारण नसले, तरी शेजारी बसून गाणाऱ्या माणसाची जागा ते घेऊ शकत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. दिल्ली किंवा भोपाळसारख्या हिंदीभाषक शहरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर शाळेत आणि रस्त्यावर 'ळ' क्वचितच पडतो. 'चाक' आणि 'चहा' यांतील 'च'चा उच्चारभेद लिपीत दिसत नाही. तो केवळ कानाने शिकावा लागतो. प्रमाण हिंदीत नसलेले नपुंसकलिंगही असेच. येथे बालगीताचे जग अनायासे साहाय्यक ठरते. पिल्लू, पाखरू, कोकरू, वासरू ही त्यातील नेहमीची पात्रे मराठीत नपुंसकलिंगी आहेत. त्यांच्याविषयी गाताना मूल व्याकरणाचा एकही नियम न ऐकता विशेषण-क्रियापदांची रूपे आत्मसात करते.

अशा घरांत मराठी मुलाला वाचता येईलच असे नाही. पुस्तकातली मराठी हाती न आलेल्या मुलाजवळ गाण्यातली मराठी उरते, आणि तीही घरातील कोणी गात असेल तरच. म्हणून बालगीत रचणाऱ्याने मुलाबरोबर ते म्हणणाऱ्या प्रौढाचाही विचार केला पाहिजे. शंभराव्या वेळी म्हणतानाही ज्याचा आजोबांना कंटाळा येत नाही, ते गीत टिकते. आणि जे टिकते तेच शिकवते. बालगीताच्या मूल्यमापनात 'त्यातून कोणता बोध मिळतो' या प्रश्नाआधी 'ते घरात पुन्हा पुन्हा म्हटले जाईल काय' हा प्रश्न विचारला जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.