फॅलमथचा वॉटर स्क्वेअर : नांवें आणि साक्ष

जमेका बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील फॅलमथ या बंदराच्या मुख्य चौकाचा जो वृत्तांत सामान्यतः सांगण्यांत येतो, त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. वृत्तांत असा : इ. स. १७६९ मध्यें टॉमस रीड या मळेवाल्याच्या जमिनीवर हें गांव वसलें व गव्हर्नर सर विल्यम ट्रिलॉनी याच्या कॉर्नवॉलमधील जन्मगांवाचें नांव त्यास मिळालें. अठराव्या शतकाच्या अखेरीस मार्था ब्रे नदीचें पाणी चाकानें उपसून चौकांतील टाकींत आणिलें, म्हणून तो ‘वॉटर स्क्वेअर’ झाला. (इंग्रज या चाकास ‘पर्शियन व्हील’ म्हणतात, आमच्या वाचकांस रहाटगाडगें म्हटलें कीं पुरे.) पुढें १८९४ मध्यें तेथें बाजाराची इमारत उभी राहिली व तिला व्हिक्टोरिया राणीच्या आल्बर्ट व जॉर्ज या दोन नातवांचीं नांवें देण्यांत आलीं. नळाचें पाणी येथें न्यूयॉर्कच्याहि आधीं आलें, ही या वृत्तांतांतील अभिमानाची बाब होय.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कंपनीस सनद मिळाली ती १७९९ मध्यें. तेव्हां एकदोन वर्षें अलीकडे कीं पलीकडे एवढाच हा वाद उरतो व त्यांत आम्हांस रस नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. टाकी कोणीं बांधिली, इमारतीस नांव कोणाचें, हें या वृत्तांतांत आहे. बाजार कोणीं भरविला, हें मात्र नाहीं.

तें शोधावयाचें तर इमारतीच्या मागें शंभर-दीडशें वर्षें गेलें पाहिजे. उसाच्या मळ्यांवरील आफ्रिकन गुलामांच्या पोटापाण्याचा खर्च आपल्यावर पडूं नये म्हणून मालकवर्ग त्यांना उसास निरुपयोगी अशी डोंगराळ जमीन लावून देई. तींत ते याम, कसावा, केळीं पिकवीत व उरेल तें डोक्यावर घेऊन रविवारीं गांवच्या बाजारीं नेत. बेटावरील गांवांना, तेथील गोऱ्यांनाहि, ताजें अन्न मिळे तें बहुतांशीं याच हातांतून. १७११ च्या कायद्यानें गुलामांना मालकाच्या परवानगीवांचून मांस, मासे, ऊस वगैरे विकण्यास मनाई केली. जें कोणी करीतच नाहीं त्याला मनाई करण्याची गरज पडत नसते. म्हणून हा कायदा आम्ही बाजाराच्या अस्तित्वाचाच पुरावा मानतों.

याहून बळकट साक्ष एडवर्ड लाँगची. हा स्वतः मळेवाला, गुलामगिरीचा कैवारी व आफ्रिकनांविषयीं अत्यंत अनुदार लिहिणारा. तोच १७७४ च्या आपल्या जमेकाच्या इतिहासांत अंदाज करितो कीं, बेटावर फिरणाऱ्या सुमारें ५०,००० पौंडांच्या नाण्यांपैकीं १०,००० पौंडांचीं, बहुशः बारीक चलनाचीं, गुलामांच्या हातीं आहेत. हा आंकडा सबंध बेटाचा आहे व फॅलमथ त्या वेळीं जेमतेम पांच वर्षांचें होतें. त्यामुळें तो जसाच्या तसा या चौकास लावतां येणार नाहीं. परंतु ज्यांना तो तुच्छ लेखी, त्यांच्याविषयीं अशी कबुली देण्यांत लाँगचा कांहीं लाभ नव्हता. प्रतिपक्षाची साक्ष म्हणून तिचें वजन मोठें.

येथें एक धोका आहे. अशाच बाजारांवरून मालकपक्षाचे लेखक गुलाम सुखी असल्याचें सिद्ध करूं पाहत. हें अनुमान अगदींच पोकळ आहे. जो दिवस विसाव्याचा, तो डोंगरांतील जमिनींत राबण्यांत व बाजाराच्या पायपिटींत जाई. वांचणारा खर्च मालकाचा. बाजारांतून दिसतें तें मालकाचें औदार्य नव्हे. माणसाला विकत घेणाऱ्या व्यवस्थेंत त्याच माणसानें स्वतःसाठीं विक्रीची जागा मिळविली, हें दिसतें.

सिडनी मिंट्झ व डग्लस हॉल यांनीं १९६० च्या आपल्या निबंधांत, जमेकाच्या देशी बाजारव्यवस्थेचें मूळ गुलामगिरीच्या काळांतच आहे, हें साधार दाखविलें. हें मान्य केलें तर १८३८ च्या पूर्ण मुक्तीनंतर डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या ‘हिग्लर’ स्त्रिया हा कांहीं नवा वर्ग नव्हे, आणि १८९४ ची इमारत हा बाजाराचा आरंभ नव्हे. जुन्या धंद्यावर उशिरा आलेलें तें छप्पर. राजपुत्रांचीं नांवें त्या छपराचीं आहेत.

टाकीच्या जागीं पुढें कारंजें आलें. २०११ मध्यें मोठ्या प्रवासी जहाजांसाठीं नवा धक्का झाला असून उतरणाऱ्यांना न्यूयॉर्कची गोष्ट अगत्यानें सांगण्यांत येते. लाँगचा ग्रंथ छापलेला आहे, मिंट्झ-हॉल यांचा निबंधहि छापलेला आहे. चौकांतील फलकांचा मजकूर ठरविणाऱ्यांनीं ते दोन्ही चाळून पाहण्यास हरकत नसावी.