तारेची उपमा आणि मज्जातंतु

शरीरशास्त्रावरील सुबोध लेखांत मज्जातंतूला तारायंत्राच्या तारेची उपमा वारंवार योजलेली आढळते. भारतांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. लेखांतली मात्र अद्याप चालूच आहे! उपमा सोपी खरी. पण जेथें खरें नवल आहे तेथेंच ती वाचकाची साथ सोडते, असा आमचा आक्षेप आहे.

तंतूंतून धांवणारी विद्युत् पुढील पेशीपर्यंत बहुधा पोंचतच नाहीं. मध्यें मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. संदेश टोंकाशीं येतांच आवरणांतील दारें उघडून कॅल्शियम आंत शिरतें. त्यासरशीं रसायनानें भरलेल्या सूक्ष्म पिशव्या कडेला मिळून उघडतात व रसायन फटींत सांडतें. १९२१ सालीं ऑटो लोवी यांनीं मज्जातंतु चेतवून एका बेडकाच्या हृदयाची गति मंद केली. त्या हृदयांतला द्रव दुसऱ्या हृदयास देतांच तेंही मंदावलें. या दोहोंमध्यें तार कोठें होती? पुढें बर्नार्ड कॅट्झ यांनीं हें रसायन ठराविक मापाच्या पुड्यांनींच बाहेर पडतें, असें दाखविलें.

विद्युत् थेट ओलांडून जाते असे कांहीं सांधेही आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तारेवरच विसंबलेल्या वाचकाला, बोट्युलिनम विषानें तंतु शाबूत असतांही स्नायु लुळा कां पडतो, हें कसें उमगावें? तें विष पिशव्या उघडणारीं प्रथिनेंच तोडतें. तारेचाच हट्ट असेल, तर लेखकांनीं निदान कचेरींतून घरापर्यंत मजकूर नेणारा शिपाई तरी उपमेंत घ्यावा.