फिनिक्स सन्सविषयक चौकशी-अहवाल : एक चिकित्सा

क्रीडासंस्थांचे चौकशी-अहवाल बहुधा केवळ वृत्त म्हणून वाचले जातात. त्यांतील युक्तिवादाची छाननी क्वचितच होते. अमेरिकेतील फिनिक्स सन्स या बास्केटबॉल-संघाचे तत्कालीन प्रमुख मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्यासंबंधीचा अहवाल अशा छाननीस सर्वथा पात्र आहे. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांच्या तक्रारी उजेडात आणल्यावर एनबीए या संघटनेने वाक्टेल लिप्टन या वकिलांच्या पेढीकडे चौकशी सोपविली. ३२० व्यक्तींच्या मुलाखती व ८० हजारांहून अधिक कागदपत्रे यांच्या आधारे सिद्ध झालेला अहवाल सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वस्तुस्थितीच्या नोंदीपुरता तो भक्कम आहे. कृष्णवर्णीयांविषयीचा अत्यंत अवमानकारक शब्द सार्व्हर यांनी, इतरांचे उद्गार सांगताना का होईना, निदान पाच वेळा उच्चारला. स्त्री-कर्मचाऱ्यांना विषम वागणूक दिली. कचेरीत लैंगिक स्वरूपाचे शेरे मारले. हे सारे त्यात निःसंदिग्धपणे येते. परंतु या वर्तनामागे वर्णद्वेष वा स्त्रीद्वेष होता असा निष्कर्ष काढण्याचे मात्र अहवाल नाकारतो. त्याचे खरे वैगुण्य येथेच आहे. तक्रार आचरणाविषयी होती. उत्तर हेतूविषयी मिळाले. ज्याला अपमान सोसावा लागला, त्याला मालकाच्या अंतःकरणाच्या शोधाशी काय कर्तव्य? संघाचा कर्मचारी-विभाग निष्प्रभ होता आणि पीडितांचा त्यावर विश्वास नव्हता, हे अहवालच मान्य करतो. मग जेथे गाऱ्हाणे नेण्यास जागाच नव्हती, तेथे हेतूचा पुरावा साचावा कसा, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही.

शिक्षा झाली ती एक वर्षाचे निलंबन आणि १ कोटी डॉलर दंड. दंडाची ही रक्कम नियमांनी घातलेली कमाल मर्यादाच होय. आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी मालकाचे हक्क नोकराच्या हक्कांहून निराळे असल्याचे सांगितले. ही कबुली अहवालापेक्षा अधिक प्रांजळ म्हटली पाहिजे. पण ती टिकत नाही. याच आयुक्तांनी २०१४ मध्ये दुसरे एक संघमालक डोनाल्ड स्टर्लिंग यांच्यावर आजन्म बंदी घातली होती, आणि तीही खाजगी संभाषणातील वर्णद्वेषी उद्गारांसाठी. कचेरीतील दीर्घकालीन वर्तनाला एक वर्ष, खाजगी संभाषणाला आजन्म बंदी, ही तफावत अनुत्तरित राहते.

पुढे पेपॅल या पुरस्कर्त्या कंपनीने सार्व्हर राहिल्यास करार पुढे न चालविण्याचे जाहीर केले, आणि काही दिवसांतच त्यांनी संघ विक्रीस काढला. २००४ साली सुमारे ४० कोटी डॉलरना घेतलेला हा संघ २०२३ मध्ये ४ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने मॅट इश्बिया यांच्याकडे गेला.