कोठडीतला मृत्यू : ‘अर्धसत्य’च्या पटकथेविषयी

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) हा चित्रपट हिंदी असला, तरी त्याची मुळे मराठी साहित्यात आहेत. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा लिहिली. ज्या कवितेचे नाव चित्रपटाने घेतले, ती दिलीप चित्रे यांची. तरीही मराठी समीक्षेने त्याकडे पाहिले ते प्रामुख्याने ओम पुरी यांच्या अभिनयाचा आविष्कार म्हणून. पटकथा ही स्वतंत्रपणे वाचण्याजोगी संहिता असते, हे अजूनही आपल्याकडे पुरते मान्य झालेले नाही.

मुंबईतील फौजदार अनंत वेलणकर हा या संहितेचा नायक. पोलिसाच्या मनावरचा ताण म्हटला की वाचकाच्या मनात प्रथम येतो तो धोका : गोळीबार, गुंडांचा सूड, अपुरी झोप. तेंडुलकरांना या गोष्टींत फारसा रस नाही. वेलणकर धोक्याला भीत नाही; उलट धोक्याच्या क्षणीच तो सर्वाधिक निरोगी दिसतो. तो खचतो तो अपमानाने. जाळल्या गेलेल्या माणसाची मरणापूर्वीची जबानी हाती असताना तो रामा शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी जागचा न हलता एक दूरध्वनी करतो, वरून आज्ञा येते आणि वेलणकर रिकाम्या हाताने परततो. इतकेच. इथे ना मारामारी आहे, ना धमकी. पण त्यानंतर हा माणूस आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचतो. ज्या अधिकाराच्या खुणा अंगावर वागवायच्या तो अधिकार आपला नव्हेच, ही जाणीव त्याला सोसत नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या दुसऱ्या अहवालात राजकीय हस्तक्षेपाची जी चर्चा केली, ती प्रशासनाच्या भाषेत होती; त्याच वास्तवाची मानसिक किंमत ही संहिता मोजते. चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड पुकारले होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अपमान सहन करण्याची शक्ती माणसाला कुठून मिळते? वेलणकरापुढे तीन वाटा आहेत. वरिष्ठ सहकारी हैदर अली व्यवहारी आहे. दिल्लीतील मध्यस्थाची वाट तोच दाखवतो आणि खात्यात टिकून राहतो. निलंबित माइक लोबोने दारू जवळ केली आहे. त्याचा शेवट वेलणकराला स्वतःच्या भविष्यासारखा दिसतो. तिसरी वाट ज्योत्स्ना गोखलेची, म्हणजे बोलण्याची. साहित्य शिकवणाऱ्या या स्त्रीच्या सहवासात वेलणकर कविता वाचतो आणि सहज सुरू केलेले ते वाचन हळूहळू त्याचा घसा धरते. स्वतःच्या अवस्थेला शब्द मिळाल्याचा तो एकमेव क्षण. मात्र शब्द मिळूनही तो सावरत नाही, कारण त्याच्या घडणीत मन मोकळे करणे हाच दुबळेपणा ठरलेला आहे. ही घडण वडिलांची. मुलाला पुढे शिकायचे असताना त्याला पोलिसात ढकलणारा, बायकोला मारणारा हा निवृत्त पोलीस म्हणजे खात्याने घरात पाठवलेला प्रतिनिधीच. आईला मार खाताना असहायपणे पाहणारा मुलगा पुढे मर्दपणाला जिवापाड जपतो. ज्याला लोक कणखरपणा म्हणतात तेच इथे मोडण्याचे कारण आहे. पटकथेची ही अंतर्दृष्टी आजच्या मानसशास्त्रीय लेखनालाही अजून नीटशी पचलेली दिसत नाही.

धाडसाने पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याला दिले जाते, आणि मग ती रात्र येते. दारूच्या नशेत वेलणकर एका भुरट्या चोराला मारू लागतो. चोरी साध्या रेडिओची. पण मारताना तो त्या माणसावर आरोप करतो तो मर्दानगी चोरल्याचा. चोर मरतो. तेंडुलकरांच्या वाचकाला इथे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही पुण्यात अपमानित झालेला परका माणूस कोतवाल होतो, आणि बागेतली फळे खाल्ली एवढ्या कारणावरून कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात. दोन्हीकडे गुन्हा क्षुल्लक, कोठडी तीच, आणि वरून आलेला अपमान उतारावरच्या पाण्यासारखा सर्वांत खालच्या माणसापाशी जाऊन थांबतो. फरक एवढाच की नाटकात नाना सुरक्षित राहतो आणि तेंडुलकर त्याला सुरक्षितच ठेवतात.

‘अर्धसत्य’ मात्र इथे थांबत नाही. निलंबित वेलणकर संरक्षण मागायला शेट्टीकडे जातो, शेट्टी त्याला आपल्या माणसांत सामील व्हायला सांगतो, आणि वेलणकर त्याचा गळा आवळून स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. हा शेवट परिणामकारक आहे यात शंका नाही. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या त्या इथेच. परंतु याच टाळ्यांपाशी संहितेची खरी अडचण आहे. शेट्टीच्या मृत्यूने प्रेक्षकाला जे समाधान मिळते, ते कोठडीतल्या मृत्यूवर पडदा टाकते. चोराचे घर, त्याची माणसे, त्याच्या मरणाची चौकशी यांपैकी काहीही प्रेक्षकाच्या मनात उरत नाही. तो मृत्यू नायकाच्या पतनाची एक पायरी होऊन बसतो. नायकाने शेवटी योग्य माणसाला मारले, एवढ्यावर हिशेब मिटतो. वस्तुतः दोन्ही हत्या एकाच हाताच्या आणि एकाच रागाच्या आहेत. त्यांतील एक लाजिरवाणी आणि दुसरी उदात्त मानण्याची सोय पटकथाच करून देते. ‘घाशीराम’मध्ये गुदमरलेल्यांचे मरण शेवटपर्यंत सर्वांच्या अंगावर येत राहते, तसे चोराचे मरण इथे येत नाही. ज्योत्स्नाच्या व्यक्तिरेखेचीही हीच गत आहे. वेलणकराच्या हिंसेविषयी तिला पडणारे प्रश्न संहितेत सर्वांत नेमके आहेत, पण उत्तराची वेळ येते तेव्हा ती दृश्याबाहेर गेलेली असते आणि शेट्टीच्या खोलीत फक्त दोन पुरुष उरतात.