धुक्यातला किल्ला आणि आपले दुर्गवर्णन

आपल्या भाषेत किल्ल्यांविषयी जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्या वास्तूविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. या लेखनाची एक ठरावीक घडण झाली आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. लेखक पहाटे पायथ्याशी येतो, चढण चढतो, दरवाजात क्षणभर थांबतो. त्याचा ऊर भरून येतो. मग तो बुरुजावर उभा राहून चहूंकडचा मुलूख न्याहाळीत इतिहास सांगू लागतो. लेखाचा शेवट बहुधा सूर्यास्ताने होतो, आणि सूर्याबरोबर गतवैभवही मावळते. असे लेख मी आवडीने वाचले आहेत. एकदोन स्वतः लिहिलेही आहेत. तेव्हा पुढे जे म्हणावयाचे आहे, त्यातून मी स्वतःला वगळीत नाही.

जानेवारीत दोन दिवसांची रजा काढून मी दिल्लीहून ग्वाल्हेरचा किल्ला पाहावयास गेलो. केंद्र सरकारच्या कचेरीतला कारकून कोठेही जावयाचे म्हणजे आधी टिपण तयार करतो, त्याप्रमाणे मीही लेखाचा मसुदा मनाशी करूनच निघालो होतो. खालून दिसणारी मानमंदिराची तटासारखी उंच भिंत, वरून दिसणारे लष्कर, महादजी शिंदे, आणि पलीकडे फुलबागेजवळची, १८५८ च्या जूनमध्ये पडलेल्या झाशीच्या राणीची समाधी, असा सारा क्रम ठरलेला होता. जागा पाहून सही करणे तेवढे बाकी होते.

पण त्या दिवशी ग्वाल्हेरवर धुके होते. सह्याद्रीतले पावसाळी धुके ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या धुक्याची कल्पना येणार नाही. सह्याद्रीतले धुके म्हणजे वाऱ्यावर धावणारा ढगच. घटकेत दरी झाकतो, घटकेत उघडी करतो, आणि झाकण्यापेक्षा त्या उघडण्यातच त्याची शोभा अधिक. उत्तरेतले हिवाळी धुके धावत नाही, बसून राहते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता गमावते, तिला लागून असलेली ओलसर हवा गारठते, आणि दवाचा एक जाड थर जमिनीवर पसरून राहतो. दुपारपर्यंत सूर्य वर असून नसल्यासारखा. अशा धुक्यात पूर्वेकडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चढणीने मी वर निघालो, तेव्हा पुढची पंधरावीस पावले दिसत होती आणि मागची तेवढीच. सुमारे शंभर मीटर उंचीची ती टेकडी, तिच्यावरील जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा तट, खालचे शहर, यांतले काहीही अस्तित्वात नव्हते. माझ्या मसुद्यातले पहिले कलम तेथेच रद्द झाले.

अर्ध्या चढावर, लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे, चतुर्भुजाचे देऊळ आहे. एकाच खडकातून कोरून काढलेले हे देऊळ इतके लहान आहे की स्वच्छ दिवशी वरच्या महालांकडे डोळे लावून चालणारा मनुष्य त्यावरून सहज पुढे निघून जावा. धुक्यात मात्र तेच एक दिसत होते, म्हणून मी थांबलो. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा संस्कृत शिलालेख आहे. त्याचे भाषांतर मी पूर्वी वाचलेले होते. शून्याचे चिन्ह स्पष्टपणे कोरलेल्या, निश्चित काळाच्या अतिशय जुन्या भारतीय लेखांत त्याची गणना होते, आणि तेवढ्यासाठीच त्याचा उल्लेख बहुतेकांना ठाऊक असतो. पण ते शून्य तेथे आले कशासाठी? देवळाच्या फुलबागेला दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. माळ्यांनी रोज ५० माळा द्याव्यात. तेल्यांनी दिव्यासाठी ठरल्याप्रमाणे तेल द्यावे. या हिशेबातील २७० आणि ५० यांच्या शेवटी ते शून्य बसले आहे. मिहिरभोज प्रतिहाराचे राज्य, आणि किल्ल्याचा कोट्टपाल अल्ल नावाचा गृहस्थ. त्यानेच हे देऊळ कोरविले. गोपाद्री हे किल्ल्याचे तेव्हाचे नाव.

ही सारी भाषा मला फार ओळखीची वाटली. तिच्यात विशेषण जवळजवळ नाही. कोणी, किती, कोणास, केव्हा द्यावे, एवढेच ती सांगते. आणि तरीही अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका सकाळी या चढणीवरून टोपली घेऊन येणारा माळी मला जितका प्रत्यक्ष दिसला, तितका मी वाचलेल्या दुर्गवर्णनांतला एकही सरदार कधी दिसला नव्हता. हे का व्हावे, हा विचार मग दिवसभर सुटला नाही.

वर गेल्यावर तोच अनुभव निराळ्या रीतीने येत राहिला. मानसिंह तोमराच्या महालाची ती प्रसिद्ध भव्यता धुक्याने गिळून टाकली होती. हत्तीपोळीच्या अगदी जवळ गेल्यावर प्रथम निळा रंग दिसला, मग त्या निळ्यावरची पिवळ्या हंसांची रांग, मग एक केळीचे झाड. पाचशे वर्षांपूर्वीची ती झिलईदार कौले जेथे गळून पडली आहेत, तेथे खालचा चुना उघडा पडला आहे. तेली मंदिर ही गडावरची सर्वांत उंच वास्तू; तिचा केवळ दरवाजा आणि त्यावरील थोडा भाग दिसत होता, बाकीचे आकाशात विरले होते. पश्चिमेकडे उरवाई दरवाजाच्या घळीत पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत. सर्वांत मोठी सतरा मीटरांच्या आसपास आहे. त्या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपण दिला, हे बाबराने आपल्या आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवले आहे. मी तेथे पोहोचलो तेव्हा मला त्या मूर्तींचे फक्त पाय दिसले. मुखे नाहीत, त्यांची मोडतोड नाही, नंतरची डागडुजी नाही. दगडी पाऊल, त्याची बोटे, आणि बोटांवरून ओघळणारे दव. स्वच्छ दिवशी मी मान वर करून बाबराचा विचार केला असता. त्या दिवशी मी, ज्याने परातीएवढे हे नख घासून गुळगुळीत केले त्या पाथरवटाचा केला.

येथे मूळ मुद्द्याकडे येतो. आमचे दुर्गवर्णन किल्ल्याकडे पाहत नाही. ते किल्ल्यावरून पाहते. किल्ला ही त्याला उभे राहण्याची जागा असते, आणि दृष्टी नेहमी दूर: अंतराने दूर असलेल्या मुलखाकडे, नाहीतर काळाने दूर असलेल्या पराक्रमाकडे. पायाखालचा दगड त्यात येतच नाही, आणि आला तर तो 'मूक साक्षीदार' म्हणून येतो. दगडाला साक्षीदार म्हटले की त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी संपते, कारण साक्ष काय द्यावयाची ती आपण आधीच लिहून आणलेली असते.

धुक्याचेही आम्ही हेच केले आहे. 'काळाचे धुके', 'विस्मृतीचे धुके', 'दंतकथांचे धुके' यांतले धुके कोणालाही कधी नाकाडोळ्यांना गार लागलेले नाही. अनंत काणेकरांच्या १९४० सालच्या सुप्रसिद्ध प्रवासवर्णनाच्या नावातच, 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' यात, धुके रूपक होऊन बसले आहे. त्या नावाला अर्थ आहे आणि त्या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला नवे वळण दिले, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की पुढे पुष्कळांनी रूपक तेवढे उचलले आणि हवामान विसरून गेले. पदार्थाला अर्थ चिकटविण्याची घाई झाली की आधी पदार्थ हरवतो, आणि मग अर्थही पोकळ होतो.

याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. गो. नी. दांडेकरांनी गडांवर आयुष्यभर पायपीट केली; इतिहासाचा अभिमान त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल. पण १९५८ च्या 'माचीवरला बुधा'त त्यांनी तो अभिमान बाजूस ठेवला. राजमाचीसारख्या किल्ल्याच्या माचीवर घडणाऱ्या या कादंबरीत लढाई नाही. मुंबई सोडून माचीवर परत आलेला एक म्हातारा, त्याचा कुत्रा, झाडे आणि ऋतू एवढेच आहे. किल्ला तेथे स्मारक नाही, राहण्याची जागा आहे. म्हणूनच तो किल्ला वाचकाच्या मनात टिकतो.

दुसरे उदाहरण अधिक जुने आहे, आणि ग्वाल्हेरशी त्याचा संबंध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये थोर प्रसंग पुष्कळ आहेत, पण ते थोर वाटतात ते जवळून पाहिल्यामुळे. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते, हा प्रसंग घ्या. त्यात क्षितिज नाही, सूर्यास्त नाही. विहीर आहे, पाणी आहे आणि तहान आहे. १९०७ साली हे पुस्तक प्रथम छापताना चिंतामणराव वैद्यांनी त्याच्या भाषेवर आणि रचनेवर बराच हात फिरविला. मूळ लेखन वाचकांपुढे यावयास दत्तो वामन पोतदारांच्या १९६६ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. प्रत्यक्ष पाहिलेले जसेच्या तसे छापावयास आपण किती बिचकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

यावर एक आक्षेप रास्तपणे येईल, की इतिहास ठाऊक नसेल तर दगड मुकाच राहणार. खरे आहे. त्या शिलालेखाचे भाषांतर वाचलेले नसते तर चतुर्भुजाच्या देवळात मला काही ओरखड्यांपलीकडे काय दिसले असते? तेव्हा माझे भांडण ज्ञानाशी नाही. एक ज्ञान आपल्याला दगडाच्या अधिक जवळ नेते, आणि दुसरे दगड बाजूस सारून स्वतःच बोलू लागते. दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. लेखकाला हा भेद ओळखता आला पाहिजे, आणि टीकाकारानेही तो मागितला पाहिजे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना याची विशेष गरज आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि मुले दोहोंच्या मधली भाषा बोलतात. अशा स्थितीत कोठे शिंद्यांचा किल्ला, कोठे होळकरांचा वाडा दिसला की आम्हांला आधार वाटतो, आणि आम्ही तो चटकन 'आपला' म्हणून टाकतो. मीही ग्वाल्हेरला त्याच भावनेने निघालो होतो. पण त्या किल्ल्यावर प्रतिहारांचा कोट्टपाल आहे, तोमरांचा महाल आहे, जैनांचे तीर्थंकर आहेत, जहांगीराच्या कैदेतून सुटलेल्या गुरू हरगोविंदांच्या स्मृतीचा गुरुद्वारा आहे. आणि त्यांच्यामागून आमचे शिंदे आहेत. बुरुजावर उभे राहून लष्कराकडे पाहिले असते, तर मला यांतले शेवटचे तेवढे दिसले असते. धुक्याने वरून पाहण्याची सोयच काढून घेतली. जे जे समोर आले त्याच्यापाशी थांबावे लागले. यात शिंद्यांचे काही उणे झाले नाही. उलट, इतक्या जणांनी घडविलेली जागा आपल्याही हाती काही काळ होती, हे कळल्यावर अभिमान थोडा कमी आणि जिव्हाळा पुष्कळ वाढला.

म्हणून दुर्गवर्णन लिहिणाऱ्यांना, आणि त्यांत मीही आलो, एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. लेख लिहून झाला की त्यातून बुरुजावरचा देखावा काढून टाकावा, आणि पुस्तकातून घेतलेला जो इतिहास समोरच्या कोणत्याही दगडाला लागू होत नाही, तोही काढून टाकावा. मागे काय उरते ते पाहावे. एखादी पायरी, तिच्यावरची झीज, पाण्याच्या टाक्याचा वास, दार उघडून देणारा रखवालदार, असे काही उरले तर लेख उभा आहे. काहीच उरले नाही, तर तो लेख घरी बसूनही लिहिता आला असता.

माझ्या जुन्या दोन लेखांना ही कसोटी मी परतीच्या गाडीत लावून पाहिली. एकात एक ओळ उरली, दुसऱ्यात तीही नाही. धुक्यामुळे गाडी वाटेत वारंवार थांबत होती, त्यामुळे विचार करावयास वेळ पुष्कळ होता. ग्वाल्हेरला पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस स्वच्छ दिवशी; मानमंदिराची भिंत दुरून पाहण्याची हौस अजून गेलेली नाही. पण चढताना चतुर्भुजापाशी आधी थांबेन, आणि फुलबागेची ती २७० हात जमीन कोठे असावी, हे आजूबाजूला शोधून पाहीन.