अतिरिक्त शिक्षण आणि वेतन : डंकन-हॉफमन प्रतिमानाची चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षणामुळे उत्पादकता वाढते आणि उत्पादकतेबरोबर वेतन वाढते, हे मानवी भांडवल सिद्धांताचे मुख्य गृहीतक होय. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. ग्रेग डंकन व सॉल हॉफमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ मध्ये त्यास महत्त्वाची पुरवणी जोडली. प्रस्तुत लेखात या पुरवणीची भारतीय संदर्भात चिकित्सा केली आहे.

प्रतिमानाचे स्वरूप

कामगाराच्या शिक्षणाची वर्षे या प्रतिमानात तीन प्रकारे मोजली जातात : कामासाठी आवश्यक, आवश्यकतेहून अधिक आणि आवश्यकतेहून कमी. अतिरिक्त वर्षामुळेही वेतन वाढते. मात्र ही वाढ आवश्यक वर्षामुळे होणाऱ्या वाढीच्या साधारण निम्मीच असते, असे त्यांना आढळले. म्हणजेच कारकुनी करणारा पदवीधर बारावी उत्तीर्ण सहकाऱ्यापेक्षा अधिक, परंतु पदवीस अनुरूप काम करणाऱ्यापेक्षा कमी मिळवतो. त्याचा लाभ झाला की तोटा, हे तुलना कोणाशी केली यावर ठरते. हा भेद स्पष्ट करणे, हे या प्रतिमानाचे मोठे श्रेय होय.

मर्यादा

तथापि, भारतीय शासकीय सेवेच्या संदर्भात हे प्रतिमान अपुरे पडते. येथे वेतनश्रेणी पदाला असते, पदवीला नसते. सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनातील किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले. त्या पदावर रुजू होणारा दहावी उत्तीर्ण असो वा पदव्युत्तर, प्रारंभीचे वेतन सारखेच. तरीही २०१५ मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयातील शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले. पाचवी उत्तीर्ण ही पात्रता असताना अर्जदारांत २५५ पीएच.डी.धारक होते. विनाअनुदानित संस्थेत तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या उच्चशिक्षितास शिपायाचे निश्चित वेतन, महागाई भत्ता व नोकरीची शाश्वती अधिक हितकारक वाटल्यास नवल नाही. अशा वेळी शिक्षण व काम यांतील विसंगती वाढते, पण उत्पन्न घटतेच असे नाही.

मग तोटा कोणाचा? लेस्टर थुरो यांनी १९७५ मध्ये मांडल्याप्रमाणे वेतन कामाशी निगडित असते आणि शिक्षण उमेदवाराचे रांगेतील स्थान ठरवते. पदवीधर पुढे सरकला की अल्पशिक्षित उमेदवार मागे ढकलला जातो. वेतनाचे समीकरण मात्र नोकरीत असलेल्यांच्याच आकड्यांवर मांडले जाते. त्यामुळे रांगेबाहेर पडलेल्याची हानी त्यात उमटतच नाही.

निष्कर्ष

पदवीधरांच्या वेतनातील तूट पाहून 'शिक्षण अधिक झाले' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. 'अतिरिक्त' हे विशेषण शिक्षणाला लावण्यापूर्वी शिक्षणास अनुरूप कामे का वाढली नाहीत, याचा शोध घेणे आवश्यक आहे. तसेच अशा अभ्यासांत नोकरी न मिळालेल्या अल्पशिक्षितांचाही समावेश व्हावयास हवा. अन्यथा विसंगतीची खरी किंमत मोजणारा घटक अभ्यासाबाहेरच राहील.