फुकट नव्हे, मोकळे

झल्लाकच्या घरी मी लिनक्स वापरतो. मंडळातले स्नेही म्हणतात, "फुकटात मिळालं ना!" तो शब्द मला खटकतो. १९९१ सालच्या मूळ परवान्यात लिनस टोरवाल्ड्सने पैसे घेऊन वाटायला बंदीच घातली होती. १९९२ मध्ये त्याने रिचर्ड स्टॉलमनचा जीपीएल परवाना स्वीकारला: विका, बदला, पण घेणाऱ्याला सोर्स कोडही द्या. त्यामुळे कंपन्यांना धंदा करता आला आणि एकीची दुरुस्ती सर्वांची झाली.

एक फट मात्र राहिलीच. ग्राहकाने बदललेला कोड त्याच्या उपकरणावर चालू द्यावा, ही सक्ती २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. लिनक्सचा गाभा दुसरीवरच थांबला. माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच गाभा आहे. त्याचा कोड मी हक्काने मागू शकतो. फेरफार करून परत घालायला गेलो, तर फोनला कुलूप!